बिळाचं दार लावून बसलेलं पिल्लू

प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्रॅकीपेल्मा हॅमोरीचं, म्हणजे टॅरँटुला या मोठ्या केसाळ कोळ्याच्या एका जातीचं, साधारण दोन सेंटीमीटरचं पिल्लू चार महिन्यांपासून घरी आहे. तीन आठवडे झाले, त्याने काही खाल्लेलं नाही. पोट फुगून काळं, चकचकीत झालंय. गेल्या आठवड्यात त्याने बिळाचं तोंड मातीने लिंपून टाकलं आणि तेव्हापासून त्याचं दर्शन नाही. उकरून बघावं का? रोज स्प्रे मारावा का? आणि आत मेलं असेल तर कळणार कसं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमचा चमचा एव्हाना मातीपाशी पोहोचलाही असेल. उकरू नका. तुम्ही वर्णन केलेलं पिल्लू आजारी नाही, कात टाकायच्या तयारीत आहे. उपास, चकाकणारं पोट आणि बंद केलेलं दार ही तीन लक्षणं एकत्र दिसली की मी डब्याच्या झाकणावर तारीख लिहितो आणि डबा जागेवर ठेवून देतो.

आता आत काय चाललंय ते सांगतो, म्हणजे हात आवरायला सोपं जाईल. कोळ्याला हाडं नसतात. बाहेरचं कायटिनचं कवच हाच त्याचा सांगाडा, आणि ते एकदा घट्ट झालं की वाढत नाही. म्हणून वाढायचं तर जुन्या कवचाच्या आत नवं कवच तयार करावं लागतं, घड्या घालून, चुरगळून बसवलेलं. एक्डायसोन नावाचं संप्रेरक या कामाला सुरुवात करून देतं. मग जुन्या आणि नव्या कवचाच्या मध्ये एक द्रव सुटतो. तो जुन्या कवचाचे आतले थर विरघळवतो आणि त्यातला बराचसा माल शरीर परत शोषून घेतं. हे काम कित्येक आठवडे चालतं आणि बाहेरून बघणाऱ्याला दिसतो तो फक्त रुसून बसलेला कोळी.

पोट काळं का होतं, तर आतल्या नव्या कवचावर नवे, गडद केस उगवलेले असतात आणि ताणलेल्या जुन्या त्वचेतून ते आरपार दिसतात. म्हणूनच जास्त खाऊन फुगलेलं पोट आणि कातीआधीचं पोट यांत फरक करता येतो. नुसत्या खादाडीने पोट गोल आणि थोडं चकचकीत होतं, पण रंग बदलत नाही. कात जवळ आली की रंग दाटतो. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या ज्या जाती पोटावरचे खाजरे केस झाडतात, त्यांच्या पोटावर मोठेपणी टक्कल पडतं. ते टक्कल एरवी फिकट तपकिरी असतं आणि कातीआधी काळं-निळसर होतं. पोएसिलोथेरियासारख्या आशियातल्या जातींना खाजरे केसच नसल्यामुळे टक्कलही पडत नाही. तिथे एकूण रंग मळकट होणं, चाल मंदावणं आणि समोर आलेल्या भक्ष्यापासून चक्क पळून जाणं यावरून ओळखावं लागतं.

उपासाचं कारण तर फारच सरळ आहे. कात टाकताना फक्त पाठ आणि पाय सोलले जात नाहीत. सुळ्यांचं आवरण, तोंड, घसा आणि अन्न शोषून घेणाऱ्या जठराचं अस्तरसुद्धा बदलतं. खाण्याची सगळी अवजारं दुरुस्तीला गेलेली असताना जेवणार कशाने? तेव्हा भूक लागावी म्हणून रोज नवा रातकिडा टाकून बघणं थांबवा.

कात प्रत्यक्ष कशी पडते ते आम्हालाही फार क्वचित बघायला मिळतं. बहुतेक वेळा सकाळी डब्यात कोळी एकाचे दोन झालेले दिसतात आणि त्यातला एक पोकळ असतो. मी एका कर्ली हेअरची, म्हणजे टिलटोकॅटल अल्बोपिलोससची, कात पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू शकलो, कारण तिने ती नेमकी डब्याच्या पारदर्शक भिंतीला लागून टाकली. त्या वेळी ती चार-एक सेंटीमीटरची होती. आधी तिने रेशमाची दाट चटई विणली, त्यावर दोन-तीन गिरक्या घेतल्या आणि मग सावकाश पाठीवर उलटी झाली. त्यानंतर जवळजवळ तासभर काहीच नाही. मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो. मग पाठीची ढाल कडेने उचकटली. तोंडाकडच्या बाजूने सुरुवात झाली, चीर पायांच्या मुळांवरून दोन्ही बाजूंना गेली आणि डब्याचं झाकण उघडावं तशी ढाल मागे कलली. खाली ओलं, पांढुरकं शरीर. पाठोपाठ पोटाची त्वचा बाजूने फाटून सुरकुतत मागे सरकू लागली. सगळ्यांत जास्त वेळ पायांना लागला. भिजलेल्या सदऱ्याच्या बाहीतून हात काढताना जसं थोडं ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं, तसे आठही पाय आणि पुढचे दोन स्पर्शपाद ती एकाच लयीत ओढत होती. दर झटक्याला मिलिमीटरभर सरकत असतील नसतील. शेवटचं टोक सुटलं तेव्हा दोन तास होऊन गेले होते आणि ती आपल्याच कातीशेजारी पाय पसरून पडली होती. सुळे पांढरेशुभ्र, जवळजवळ पारदर्शक.

तुमच्या दोन सेंटीमीटरच्या पिल्लाला एवढा वेळ लागणार नाही. लहान पिल्लं बहुधा तासा-दोन तासांत मोकळी होतात, पूर्ण वाढलेल्या मादीला मात्र अख्खा दिवसही लागू शकतो.

हे सगळं चालतं ते दाबावर. पाणी, स्प्रे, मरण हे तुमचे बाकीचे प्रश्न सगळे याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात. कोळ्याच्या पायातल्या काही महत्त्वाच्या सांध्यांना पाय वाकवणारे स्नायू असतात, सरळ करणारे नसतात. पाय लांब होतो तो आत रक्तद्रव दाबाने भरला की. हेच तंत्र कात टाकताना वापरलं जातं. हृदयाचे ठोके वाढतात, पोटातला द्रव पुढच्या भागात ढकलला जातो, तो भाग आतून फुगतो आणि जुनी ढाल कडेने फाटते. नवं कवच मऊ असेपर्यंत त्याच दाबाने त्याच्या घड्या उलगडतात आणि कोळी मोठा होतो. म्हणजे कात नीट पडायला शरीरात पुरेसं पाणी हवं, आणि ते कातीच्या आधीच्या आठवड्यांत पोटात गेलेलं हवं. त्या रात्री हवेत किती ओल होती याने फारसं काही ठरत नाही.

मेलेला टॅरँटुला कसा दिसतो हेसुद्धा यावरूनच कळतं. दाब संपला की वाकवणारे स्नायू उरतात, म्हणून मरणारा कोळी पालथाच, पाय पोटाखाली मुडपून, मुठीसारखा आवळून बसतो. पाठीवर पडून पाय वर आणि थोडे पसरलेले दिसले तर ती बहुतेक कातच असते, आणि नेमकी हीच मुद्रा पाहून लोक घाबरतात. किती धडधाकट कोळी अशा अवस्थेत चिमट्याने टोचले गेले असतील, कुणी कचऱ्यात टाकले असतील, याचा विचारच करवत नाही. काही जण कुशीवर पडूनही कात टाकतात. त्यालाही घाबरू नका.

आता स्प्रे. उलट्या पडलेल्या कोळ्यावर पाणी मारू नका, अगदी बारीक तुषारसुद्धा नाही. टॅरँटुलाची चारही फुफ्फुसं पोटाच्या खालच्या बाजूला असतात, म्हणजे तो उलटा असताना ती बरोबर वर, तुमच्या स्प्रेच्या तोंडासमोर येतात. शिवाय पाण्याच्या माऱ्याने दचकून तो अर्ध्यातच उठायला बघतो. त्याऐवजी आज हे करा: बिळापासून दूरच्या कोपऱ्यात, डब्याच्या भिंतीलगत, थोडं पाणी सावकाश ओता. ते खाली झिरपेल आणि तळाची माती ओलसर होईल. वरचा थर कोरडा राहिला तरी चालेल. बाटलीचं छोटं बूच पाण्याने भरून ठेवा आणि ते कधीही कोरडं पडू देऊ नका. तुमच्या कोळ्याची जात मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडची आहे. तिथे वर्षातले बरेच महिने पाऊस नसतो आणि हे कोळी ओल मिळवतात ती खोल बिळातल्या मातीतून. मोठी हॅमोरी कोरड्यात आरामात राहते, पण पिल्लाचं शरीर एवढंसं असतं की ते लवकर सुकतं, म्हणून त्याला एक ओला कोपरा लागतोच. (तुमच्या डब्यावर ‘स्मिथी’ असं जुनं लेबल असेल तर गोंधळू नका. 2017 साली या दोन जातींची नीट फोड झाली आणि स्मिथी म्हणून पाळलेले पुष्कळसे कोळी हॅमोरी निघाले.)

हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजणारं यंत्र, घेऊ का, हा प्रश्न बहुतेक यानंतर येईलच. घेऊ नका. एवढ्याशा डब्यात तो भिंतीजवळच्या हवेचा आकडा सांगतो, बिळाच्या तळाचा नाही, आणि माणूस त्या आकड्यामागे धावून डबा चिखल करून टाकतो. कोंदट, ओला, हवा न खेळणारा डबा कोरड्या डब्यापेक्षा जास्त घातक असतो.

उकरण्याबद्दल मी इतका हट्टी का, तर मी ते केलंय म्हणून. सुरुवातीच्या काळात माझं एक पिल्लू असंच दार लावून बसलं होतं. तिसऱ्या आठवड्यात धीर संपला, रंगाच्या ब्रशच्या दांड्याने मी माती बाजूला केली आणि बिळाचं छत खाली आलं. पिल्लू त्या वेळी उलटं होतं, ढाल नुकतीच उघडलेली. ओल्या, मऊ शरीराला माती चिकटली, पाय अर्धे आत अर्धे बाहेर. दुसऱ्या दिवशी ते गेलं. आणखी एक दिवस थांबलो असतो तर त्याने दार स्वतःच उघडलं असतं.

दुसरी चूक अळीची. मीलवर्म मातीत शिरली, मला वाटलं पिल्लाने खाल्ली. ती खालीच होती. कात टाकून मऊ पडलेल्या पिल्लाचे दोन पाय तिने कुरतडले. तेव्हापासून मी मीलवर्मचं डोकं चिमट्याने दाबल्याशिवाय ती डब्यात टाकत नाही, आणि रातकिडा चोवीस तासांत खाल्ला गेला नाही तर बाहेर काढतो. तुमच्या डब्यात तीन आठवड्यांत टाकलेलं एखादं भक्ष्य जिवंत राहिलेलं नाही ना, हे मात्र आजच बघा. वरची माती हलकेच न्याहाळा, कोपरे तपासा, बूच उचलून बघा. बिळापाशी जाऊ नका.

ते पिल्लू वाचलं, आणि पुढच्या कातीत त्याला दोन्ही पाय पुन्हा आले. आधी बारीक, काडीसारखे, फिकट. त्यानंतरच्या दोन कातींत ते इतरांइतके झाले. वाढत्या वयाच्या कोळ्याला ही सोय असते. म्हणून पाय तुटला तर हळहळ वाटली तरी घाबरून जायचं कारण नाही, फक्त रक्तद्रव गळत नाही ना ते बघायचं.

किती दिवस वाट बघायची? बंद बिळात महिना-दीड महिना सहज जातो, हॅमोरीसारख्या सावकाश वाढणाऱ्या जातीत दोन महिनेही. पोएसिलोथेरियाची पिल्लं भरपूर खाणं आणि ऊब मिळाली तर जवळजवळ दर महिन्याला कात टाकतात. तुमचं पिल्लू तसं धावणार नाही. दोन कातींमधलं अंतरही वयाबरोबर वाढत जातं: आधी काही आठवडे, मग काही महिने, आणि मोठी मादी वर्षातून एकदा किंवा त्याहूनही क्वचित. नराची गोष्ट वेगळी. प्रौढ करणारी कात ही बहुधा त्याची शेवटचीच असते. मादी मात्र आयुष्यभर कात टाकत राहते.

मधल्या काळात चैन पडत नसेल तर रात्री डबा न हलवता बाजूने आणि तळाकडून टॉर्च मारून बघा. पिल्लं बरेचदा भिंतीला लागूनच बीळ काढतात आणि एखाद्या फटीतून पाय दिसतो. रेशमाची नवी रेघ किंवा कालच्यापेक्षा वेगळ्या जागी सरकलेली माती दिसली तरी पुरे. आत काही मेलं असेल तर ते बहुधा वासावरून कळतं.

दार उघडून ते बाहेर आलं की तुम्हाला कदाचित वाटेल, भलताच कोळी आलाय. पाय लांब, पोट अर्ध्यावर, रंग चढलेला. हॅमोरीची पिल्लं आधी मातकट असतात, गुडघ्यांवरचा नारिंगी रंग एकेका कातीगणिक उजळत जातो. आमच्या छंदातला खरा आनंद यातच आहे. कॅरिबेना व्हर्सिकलरचं पिल्लू तर गडद निळं असतं आणि मोठेपणी हिरवी पाठ, तांबूस पोट घेऊन फिरतं. त्याच्या मधल्या कातींमध्ये दोन्ही रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात.

पण बाहेर आलं म्हणून लगेच खायला घालू नका. सुळे पांढऱ्यावरून तांबूस आणि तांबूसवरून काळे झाले पाहिजेत. मऊ सुळ्याने रातकिड्यावर झडप घातली तर सुळा वाकतो, मोडतो. पिल्लाचे सुळे नीट दिसत नाहीत, म्हणून मी सरळ आठवडा मोजतो. थोड्या मोठ्या झालेल्यांना दहा-बारा दिवस, प्रौढांना दोन आठवडे किंवा जास्त. या दिवसांत ते एकेक पाय ताणत, विचित्र मुद्रा करून बसेल. नव्या सांध्यांना वळण लावणं चाललेलं असतं. पाणी मात्र पहिल्या दिवसापासून हवं. पहिलं जेवण मेलेल्या किंवा डोकं दाबलेल्या छोट्या भक्ष्याचं द्या. डबा बदलायचा असेल तर तोही त्या जेवणानंतरच. मऊ कोळी पडला, आपटला तर पोट फुटू शकतं.

कात अडकली तर काय, हे विचारलेलं नाही, पण सांगून ठेवतो. एखाद-दुसरा पाय अडकला असेल आणि कोळी पालथा होऊन उभा असेल तर काही करू नका. तो पाय तो स्वतःच मुळापासून टाकून देतो आणि पुढच्या कातीत नवा आणतो. बरेच तास काहीच पुढे सरकलं नसेल, जुनी कात सुकून कडक होत चालली असेल, तर मऊ ब्रशने कोमट पाण्याचा थेंब फक्त त्या सुकलेल्या भागावर, फुफ्फुसांपासून लांब, आणि मग वाट. ओढायचं कधीही नाही. ढालच सुटली नसेल तर खरं सांगतो, बहुतेक वेळा हातात फारसं काही उरलेलं नसतं.

आणि पाण्याअभावी मलूल पडलेलं, पाय आत घेऊ लागलेलं पिल्लू दिसलं तर ओल्या कागदाच्या डब्यात कोंडण्याऐवजी त्याचं तोंड पाण्याच्या बुचाच्या कडेला टेकवून ठेवा. ते बुडणार नाही, कारण फुफ्फुसं मागे पोटाखाली असतात. मात्र हा उपाय कात टाकत असलेल्या कोळ्यासाठी नाही.

कात हाती लागली तर फेकू नका. इतक्या लहान पिल्लाची बहुधा चुरगळूनच मिळते, पण सुळ्यांचा जोड त्यात आहे का तेवढं बघा. पिल्लू चार-पाच सेंटीमीटरचं झालं की तीच कात नर-मादी ओळखायला उपयोगी पडते. साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात भिजवून मऊ करायची, पोटाचा भाग आतून उलगडायचा आणि पुढच्या दोन फुफ्फुसांच्या पांढुरक्या खुणांच्या मधोमध भिंगातून बघायचं. तिथे शुक्राशयाचा, म्हणजे मादी नराचे शुक्राणू साठवते त्या पिशवीचा, छोटा पदर उभा दिसला तर मादी, नुसती सपाट रेघ असेल तर नर असण्याची शक्यता जास्त. वाळलेल्या कातीशी झटापट केली तर नेमका तोच भाग फाटतो, म्हणून भिजवायला आळस करू नका.